येर्बा माते: औषध किती, अपाय कुठे? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

येर्बा माते म्हणजे नेमकं काय? ग्रीन टीचाच प्रकार का?

नाही. चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही. इलेक्स पॅराग्वारिएन्सिस नावाच्या झाडाची ही वाळवून भरडलेली पानं. हे झाड अर्जेंटिना, पॅराग्वे आणि दक्षिण ब्राझीलमध्ये वाढतं. तिथले ग्वारानी लोक ते फार जुन्या काळापासून पितात. आपल्याकडे त्याची लागवड नाही, त्यामुळे पाकिटातला सगळा माल बाहेरून आलेला असतो.

चहाशी साम्य एवढंच, की यातही कॅफिन आहे. त्याबरोबर थोडं थिओब्रोमिन, म्हणजे कोकोमध्ये असतं तेच, आणि क्लोरोजेनिक आम्लासारखी पॉलिफेनॉलं. काही विक्रेते म्हणतात, ‘यात कॅफिन नाही, मातेइन आहे, त्याने झोप उडत नाही.’ हे खोटं आहे. मातेइन हे कॅफिनचंच दुसरं नाव.

‘हर्बल’ आहे, मग कितीही प्यायलं तर काय बिघडतं?

धोतराही वनस्पतीच आहे. पाकिटावर हर्बल लिहिलं म्हणून आतलं कॅफिन कमी होत नाही. माते हे तुमच्या रोजच्या चहाच्या हिशेबातच धरा, चहाव्यतिरिक्त वेगळं नव्हे.

हिशेब असा. सुक्या पानात कॅफिन साधारण १ टक्का, मालाप्रमाणे थोडं कमी-जास्त. ३ ग्रॅम पानांच्या एका कपात म्हणजे ३० मिलिग्रॅमच्या आसपास. आपल्या १५० मिली चहात ३० ते ६५, इन्स्टंट कॉफीच्या तेवढ्याच कपात ५० ते ६५ मिलिग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे, युरोपची अन्नसुरक्षा संस्था निरोगी प्रौढांसाठी ४०० पर्यंत जाते. आम्ही ३०० धरतो. इकडे दिवसाचे चार-पाच चहा कुणी मोजतच नाही, आणि नेमके तेच हिशेबातून निसटतात.

घोळ होतो तो पारंपरिक पद्धतीत. तिकडे भोपळ्याच्या भांड्यात ५० ग्रॅमपर्यंत पानं भरतात आणि त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतत लिटरभर पितात. ५० ग्रॅमचं १ टक्का म्हणजे ५०० मिलिग्रॅम. सगळं उतरत नाही, पण बरंच उतरतं. व्हिडिओ बघून भांडंभर पानं घातली आणि रात्रभर छताकडे बघत पडलो, ही तक्रार हमखास येते ती यामुळेच.

औषध म्हणून त्याचा खरंच काही उपयोग आहे का?

थोडा आहे, पाकिटावर छापतात तेवढा नाही.

युरोपीय औषध संस्थेने माते पानाला दोनच पारंपरिक उपयोगांसाठी मान्यता दिली आहे: थकवा-अशक्तपणा वाटणं, आणि लघवीच्या किरकोळ तक्रारींत लघवीचं प्रमाण वाढवणं. पारंपरिक उपयोग म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापरावरून दिलेली मान्यता. मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं, असा त्याचा अर्थ नाही.

थकवा कमी वाटतो तो कॅफिनमुळे. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत गेलं की झोप येते. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, म्हणून झोप कळत नाही. थकवा जात नाही, झाकला जातो. दोन-तीन आठवडे सतत थकवा असेल तर मातेचं पाकीट आणण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासून घ्या.

कोलेस्टेरॉल आणि वजन कमी होतं म्हणतात, ते?

ब्राझीलमधल्या एका अभ्यासात लोकांना रोज तीन वेळा ३३० मिली माते ४० दिवस दिलं. त्यांचं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, सुमारे ८ ते ९ टक्के उतरलं. अभ्यास लहान होता. एलडीएल १६० असेल तर या हिशेबाने ते १४६-१४७ वर येईल. स्टॅटिनची गोळी साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरवते. म्हणून चालू गोळी सोडून माते धरू नका.

वजनाबद्दल: जेवणाआधी घेतलं तर भूक थोडी मंदावते, कॅफिनने चयापचय थोडा वाढतो. पण त्यात दोन चमचे साखर घातली की सगळा हिशेब उलटा फिरतो. ‘माते अर्क’ म्हणून मिळणाऱ्या वजन घटवण्याच्या कॅप्सूलपासून मात्र लांबच राहा. त्यात बऱ्याचदा ग्वाराना (कॅफिन असलेलं आणखी एक दक्षिण अमेरिकी बी) किंवा वेगळं कॅफिनही घातलेलं असतं आणि एकूण आकडा लेबलवर नसतो.

मूतखडा आहे. लघवी साफ होते म्हणून प्यावं का?

खडा मातेने विरघळत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात खड्याचं मोठं कारण म्हणजे पाणी कमी पडणं. दिवसाला लघवी दोन-अडीच लिटर होईल एवढं साधं पाणी प्या, त्यात लिंबू पिळा. ताप, थंडी आणि कमरेत कळ एकदम आली तर काढे करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मातेने कॅन्सर होतो असं वाचलं. खरं काय?

या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबेल. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात.

पहिली गोष्ट उष्णता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कढत माते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. २०१६ मध्ये फेरआढावा झाला तेव्हा ठपका पानावर न ठेवता तापमानावर ठेवला गेला. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम कोणतंही पेय त्या गटात गेलं आणि कोमट किंवा गार मातेबद्दल ‘ठरवण्याइतका पुरावा नाही’ असा निर्वाळा आला. गरम द्रव अन्ननलिकेचं अस्तर पुन्हा पुन्हा भाजतो, ते पुन्हा पुन्हा भरून येतं, आणि या रोजच्या दुरुस्तीत पेशी बिघडण्याची शक्यता वाढते. माते धातूच्या नळीने, म्हणजे बोंबियाने ओढतात. तो घोट ओठ-जीभ टाळून थेट घशाशी जातो, त्यामुळे किती गरम आहे ते जिभेला कळायच्या आत गिळला जातो.

आपले आजोबा चहा बशीत ओतून फुर्रफुर्र करत प्यायचे. बशीत थर पातळ होतो, वाफ लगेच निघते आणि चहा झटक्यात निवतो. या बाबतीत बशी बोंबियापेक्षा शहाणी.

दुसरी गोष्ट धूर. पुष्कळ ठिकाणी पानं लाकडाच्या जाळावर भाजून-वाळवतात. त्या धुराने बेंझोपायरीनसारखी द्रव्यं पानावर बसतात. तीच सिगारेटच्या धुरातही असतात. पाणी गार वापरलं तरी ती थोडी पाण्यात उतरतातच. म्हणून पाकिटावर ‘सिन उमो’ म्हणजे ‘धुराविना’ असं छापलेलं असेल तर ते घ्या. उघडल्यावर हुरड्याच्या आगटीसारखा वास भपकन आला तर तो माल रोज पिण्याचा नाही.

आता आपल्याकडची बाब. तंबाखू, मिश्री, मावा किंवा दारू यातलं काही चालू असेल आणि वर कढत पेय, तर जोखमींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. मिश्री लावून लगेच कढत चहा घेणं हे तर इकडे कितीतरी घरांत रोजचं आहे. गिळताना अडकतंय, पोळी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलावी लागतेय, असं दोन आठवड्यांहून जास्त होत असेल तर कान-नाक-घसा किंवा पोटाच्या डॉक्टरांकडे दुर्बिणीची तपासणी करून घ्या.

घरी करायची सुरक्षित पद्धत कोणती?

थर्मामीटर लागत नाही. एका माणसासाठी:

१. एक सपाट चमचा, म्हणजे २ ते ३ ग्रॅम पानं स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात घ्या.

२. आधी दोन चमचे गार पाणी शिंपडून मिनिटभर भिजू द्या. कोरड्या पानावर एकदम गरम पाणी पडलं की कडूपणा लवकर सुटतो.

३. १२० मिली पाणी खळखळ उकळा, त्यात ८० मिली माठातलं पाणी मिसळा. तीन भाग उकळतं, दोन भाग गार, हे प्रमाण लक्षात ठेवा. पाणी ७० अंशांच्या आसपास येतं.

४. पानांवर ओता, झाका, ५ मिनिटांनी गाळा. तोवर ते ६० अंशांच्या आसपास आलेलं असतं. खात्री नसेल तर बशी आहेच.

आपल्या सवयीने पातेल्यात घालून खदखदवू नका. उकळल्यावर कडू-तुरट काढा होतो आणि मग तो झाकायला साखर वाढते. बोअरचं मचूळ पाणी वापरलं तर रंग काळपट येतो, वर तवंग धरतो आणि चव मरते. फिल्टरचं किंवा पिण्याच्या नळाचं घ्या. आलं, गवती चहा, पुदिना चालेल. दुधानेही अपाय नाही, पण दूध घालून ते ना धड चहा लागतं ना धड माते.

पहिले तीन दिवस दिवसाला एकच कप, तोही नाश्त्यानंतर. झेपलं तर दोन. त्यापुढे जाण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.

एप्रिल-मेच्या उन्हात गरम कसं प्यायचं?

पिऊ नका, गार प्या. पॅराग्वेमध्ये उन्हाळा कडक असतो आणि तिथे हेच पान बर्फाच्या पाण्यात औषधी पाल्याबरोबर पितात. त्याला तेरेरे म्हणतात. या परंपरेची २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. घरी करायला ३ ग्रॅम पानं, २०० मिली माठातलं गार पाणी, पुदिन्याची चार पानं. १५ मिनिटं ठेवून गाळा. चव मवाळ लागते आणि भाजण्याचा प्रश्नच उरत नाही. बर्फ मात्र घरच्या पाण्याचा. गाडीवरच्या लादीचा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही.

पारा ४३-४४ वर असताना उन्हातून आल्यावर हे पहिलं पेय नव्हे. ऊन लागलेल्या माणसाला पाणी आणि मीठ लागतं: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. माणूस बरळत असेल, अंग तापून कोरडं पडलं असेल, तर तोंडाने काही न पाजता १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत ओल्या कापडाने अंग पुसत वारा घाला.

यंत्रमागावर रात्रपाळी असते. जागं राहायला चालेल का?

पाळीच्या सुरुवातीला एक कप, मध्यरात्रीच्या सुमारास दुसरा, बस. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला साधारण ५ तास लागतात. झोपायच्या ६ तास आधी ४०० मिलिग्रॅम घेतलेल्यांची झोप तासाभराहून जास्त घटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. सकाळी आठला घरी जाऊन झोपायचं असेल तर पहाटे दोननंतर काही नको. चालू मागाशेजारी पेंग येत असेल तर कॅफिनच्या भरवशावर हात घालू नका, माग थांबवून वीस मिनिटं डोळे मिटा.

स्पर्धा परीक्षेवाल्यांनाही हेच. अभ्यासिकेत रात्री अकराला माते पिऊन वाचलेलं सकाळी आठवत नाही, कारण लक्षात राहण्याचं निम्मं काम झोपेत होतं. अठरा वर्षांखालच्यांना देऊच नका.

रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. चालेल का?

अंतर ठेवलं तर. मातेतली पॉलिफेनॉलं आतड्यात लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात न जाता तसंच बाहेर पडतं. गोळीच्या आणि जेवणाच्या आधी एक तास, नंतर दोन तास माते नको, चहाही नको. विड्या वळणाऱ्या बाया कामात खंड नको म्हणून भाकरीबरोबरच चहा घेतात आणि मग ‘सहा महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढेना’ म्हणतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहा दुपारी उशिरा हलवा. एवढ्या एका बदलाने पुष्कळदा फरक पडतो.

गरोदरपणात?

नको. गरोदरपणात कॅफिनची मर्यादा २०० मिलिग्रॅमवर येते आणि ते शरीरातून बाहेर पडायला कितीतरी जास्त वेळ लागतो, शेवटच्या तीन महिन्यांत तर निम्मं व्हायला १५ तासांपर्यंत. शिवाय धुराची द्रव्यं आणि लोहाचा प्रश्न आहेच. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारी ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी वाया घालवायची कशाला? दिवसाला दोन कप साधा चहा, तोही गोळीपासून लांब, एवढ्यावर भागवा. अंगावर पिणारं बाळ किरकिरं झालं, झोपेना, तर आईचा चहा-कॉफी आधी बघा.

कोणत्या औषधांबरोबर जमत नाही?

सिप्रोफ्लॉक्सासिन: लघवीच्या किंवा जुलाबाच्या संसर्गावर सर्रास दिलं जातं. ते यकृतात कॅफिन मोडणारं विकर अडवतं. नेहमीच्याच कपाने धडधड, हात थरथर, झोप गायब. कोर्स संपेपर्यंत माते बंद, चहा अर्धा. मानसिक आजारावरची फ्लुवोक्सामिन गोळी तर याहून जास्त अडवते.

थिओफिलिन: दम्याची जुनी गोळी. रचनेने कॅफिनची सख्खी बहीण, दोघांचे दुष्परिणाम एकमेकांवर चढतात.

थायरॉक्सिन: सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर. माते किंवा चहा तासाभराने.

लिथियम: कॅफिनमुळे ते लघवीवाटे जास्त जातं. रोज माते पिणाऱ्याने ते अचानक सोडलं की रक्तातलं लिथियम चढतं, आणि तो चढ धोक्याचा असतो. सुरू किंवा बंद, दोन्ही मानसोपचारतज्ज्ञांना सांगून. क्लोझापिन घेणाऱ्यांनाही हीच सूचना.

गर्भनिरोधक गोळ्या: कॅफिन शरीरात जवळजवळ दुप्पट वेळ राहतं. एका कपाने दोन कपांचं काम होतं.

आणि एक अनपेक्षित: बिडी-सिगारेट. धूम्रपानाने कॅफिन लवकर मोडतं. ती सोडल्यावर तेवढ्याच कपांनी अस्वस्थता वाढते आणि माणूस समजतो की तंबाखू सोडल्याचाच त्रास आहे. बिडी सोडताय तर चहा-माते त्याच आठवड्यात निम्म्यावर आणा.

बीपी आणि शुगर दोन्ही आहे.

बीपी गोळ्यांनी ताब्यात असेल तर एक कप चालतो. सुरू करण्यापूर्वी आणि प्यायल्यावर तासाभराने मोजा. वरचा आकडा १० पेक्षा जास्त चढला तर तुम्हाला ते मानवत नाही. एरवी बीपी तपासायच्या आधी अर्धा तास माते-चहा काहीच नको, नाहीतर आकडा फसवतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

शुगरवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं. कॅफिनची धडधड, घाम आणि थरथर हुबेहूब साखर उतरल्यासारखी वाटते. घाईने साखर तोंडात टाकण्याआधी ग्लुकोमीटर लावा. मशीन हाताशी नसेल तर मात्र साखर खा, त्यात धोका कमी.

पित्त खवळतं. काय चुकतंय?

बहुधा उपाशीपोटी घेताय, किंवा पानं जास्त पडताहेत. आधी काहीतरी खा, शेंगाचटणीची तिखट भाकरी सोडून. तरीही जळजळ असेल तर माते तुमच्यासाठी नाही.

एकादशीला बंद केलं की डोकं धरतं.

सवय झाल्याची खूण. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं दुखू लागतं, दोन दिवस जोर असतो, आठवडाभरात उतरतं. उपवास किंवा रोजे येण्याआधी आठ दिवस दर दोन दिवसांनी अर्धा कप कमी करत आणा.

ते भोपळ्याचं भांडं इथे करता येईल का?

येईल. ते भांडं म्हणजे आपल्या दुधी भोपळ्याचीच जात. मिरजेच्या तानपुऱ्यांचे भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून जातात, तेव्हा माल आपल्याच जिल्ह्यात आहे. पण रंगवलेला, व्हार्निश मारलेला किंवा शोभेचा नको. पूर्ण वाळलेला छोटा भोपळा कापून आतला गर आणि पापुद्रा चमच्याने खरवडून काढा. गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, ओता, असं तीनदा. चौथ्यांदा त्यातल्या पाण्याचा थेंब जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि भांडं टाका. कडू दुधीतलं कुकुरबिटासिन उलट्या-जुलाबांनी माणसाला अतिदक्षता विभागात नेतं. वापरल्यावर पानं लगेच काढून भांडं उपडं न ठेवता आडवं, सावलीत वाळवा. आत पांढरी-हिरवी बुरशी दिसली की घासून उपयोग नाही. आणि तिकडची रीत कितीही गोड वाटली तरी एकाच नळीने चौघांनी पिऊ नका.

चुकून जास्त झालं तर?

धडधड, मळमळ, हात थरथर एवढंच असेल तर पाणी प्या, काहीतरी खा, पुढचे कप बंद. चार-सहा तासांत उतरतं. छातीत दुखणं, वारंवार उलट्या, झटका किंवा भोवळ असेल तर थेट रुग्णालय, आणि पाकीट बरोबर न्या. थोड्या वेळात १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. मातेने तिथवर पोचणं अवघड, कॅप्सूल आणि एनर्जी ड्रिंक एकत्र केल्यावर सोपं.

पाकीट घेताना काय बघू आणि किती दिवस टिकतं?

आयातदाराचं नाव-पत्ता, १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक, मुदत. सुटं, बिनलेबलचं नको. भेसळीत दुसरा पाला आला तर यकृताला बाधू शकतो. ‘कोन पालो’ म्हणजे काड्यांसकट, त्यात कॅफिन थोडं कमी, नव्यांनी तेच घ्यावं. उघडल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवा, नाहीतर काळ्या मसाल्याचा वास धरतं. पावसाळ्यात ओला चमचा घालू नका. गुठळी झाली किंवा दमट वास आला तर झाडांना घाला.